धाकटीचा लसूण

४ एप्रिल

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्ता भावजींनी दिलेला नाही, उगाच त्यांच्यावर चिडू नकोस. आपल्या सायकलच्या दुकानात टायर पोचवायला येतो ना, तो जाड्या ड्रायव्हर, त्याच्याकडून काढून घेतला. तो तुमच्याही गावात माल टाकतो. 'दोन जिने चढावे लागतात, पाण्याची बोंब आहे, पण वहिनी बऱ्या आहेत,' एवढं सगळं त्याने न विचारता सांगितलं.

कामाचंच लिहिते. मागच्या अंगणातला तुझा लसूण पिवळा पडायला लागलाय. खालची तीन-चार पानं पार वाळली, वरची अजून हिरवी आहेत, आणि काही रोपं आडवीच झालीत. रोग पडलाय की काढायला आलाय, मला कळत नाही. तू लावलास तेव्हा मी काही बघायला उभी नव्हते. जानेवारीत तुम्ही दोघं गेलात, तेव्हापासून पाणी मीच घालतेय. ह्यांना माहीत नाही. हे दुकानात गेले की बादली घेऊन जायची, आणि मग चष्म्याच्या दुकानात माझ्या कामावर पळायचं. तू म्हणशील, आजवर त्या वाफ्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आता कुठून माया आली? माया वगैरे काही नाही. डोळ्यांसमोर रोप सुकताना बघवत नाही, एवढंच.

घरात आता आम्ही दोघंच. तुमची खोली तशीच आहे, मामंजींचीही. हे संध्याकाळी आले की वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात आणि पान उलटायचं विसरतात.

एक सांगायचं म्हणून सांगते. मी तुला दोष देत नाही. तू मामंजींना रोज सकाळी कच्चा लसूण द्यायचीस तो प्रेमानेच, हे काय मला कळत नाही? त्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर तो चालत नाही, हे तुला कुठून माहीत असणार? ह्यांनी तुला नको नको ते बोलायला नको होतं. पण बाप गेल्यावर माणूस बोलतो. झालं ते झालं.

लसणाचं काय करू, तेवढं कळव.

तुझी थोरली

१६ एप्रिल

धाकटे,

उत्तर आलं नाही, तेव्हा काढला.

आधी नुसता ओढला. दहा-बारा रोपांची पात माझ्या हातात आली आणि गड्डे राहिले जमिनीत. मग खुरपं घेतलं तर चार गड्डे मधोमध चिरले. त्यानंतर जरा हात बसला. एकंदर सव्वाशेच्या आसपास निघाले. काही माझ्या मुठीएवढे, काही नुसते सुपारीएवढे. मातीने बरबटलेले होते, म्हणून टबात घालून स्वच्छ धुतले. दिवसभर गिऱ्हाइकांच्या काचा पुसून माझे हात असे झालेत की मळकं काही दिसलं की धुवायलाच जातात. मग जुन्या चादरीवर पसरून उन्हात ठेवले.

हे त्या दिवशी दुपारीच घरी आले. पंप की काय विसरले होते.

"हे काय?"

"लसूण."

"ते दिसतंय. कुणाचा?"

मी चादरीचं टोक नीट केलं. घरात लसूण लावणारं दुसरं होतं कोण?

"ज्याने माझा बाप नेला, ते मला ह्या घरात नको."

"घरात कुठे आहे? अंगणात आहे."

असली उत्तरं द्यायची खोड माझी जाणार नाही. ह्यांनी पायानेच चादर उलटी केली. गड्डे सगळीकडे गडगडले, दोन गटारापर्यंत गेले. मी भिंतीला टेकून उभी. आणि मग, तुला हसू येईल, हेच खाली बसले आणि एकेक गोळा करायला लागले. दुकानात बेअरिंगचे छर्रे सांडले की कसे गुडघ्यांवर बसून शेवटचा सापडेपर्यंत उठत नाहीत, अगदी तसे. सगळे चादरीवर परत ठेवले, हात झटकले, आणि पंप न घेताच गेले.

ते काही वाईट नाहीत गं. तुलाही माहीत आहे.

तुझी थोरली

२३ एप्रिल

धाकटे,

कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली नाव नाही, पण अक्षर तुझंच. 'धुवू नका. ऊन दाखवू नका. पात आणि मुळं आत्ता कापू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी, एकाला एक न चिकटवता तीन-चार आठवडे ठेवा. मान करकरीत वाळली की मगच कापा. चिरलेले आधी वापरून टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका.'

सात वाक्यं, त्यात चार 'नका'. त्यातले दोन मी आधीच करून बसले होते. तरी कार्ड आलं ह्याचं मला काय वाटलं, ते लिहीत नाही. दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं.

सावली आणि वारा दोन्ही असलेली एकच जागा आपल्या घरात, मामंजींची खोली. समोरासमोर खिडक्या. त्यांची गादी गुंडाळून ठेवली. खाटेच्या पट्ट्या मोकळ्या झाल्या, त्यावर एक थर पसरला, खालूनही हवा लागते. उरलेल्यांच्या आठ-आठच्या जुड्या बांधून कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी ताणली आणि त्यावर टांगल्या. लांबून बघितलं तर वाटतं कुणीतरी मोजे वाळत घातलेत.

हे आता त्या दारावरून जात नाहीत. न्हाणीघरात जायचं तर मागच्या अंगणातून वळसा घालून जातात.

"दुसरी खोली नव्हती?" मला विचारलं.

"दुसऱ्या खोलीत वारा नाही."

"घरभर वास सुटलाय."

वास सुटलाय हे खरं आहे. उशीला येतो, माझ्या कामाच्या साडीला येतो. परवा एक गिऱ्हाईक चष्मा लावून बघता बघता म्हणालं, 'बाई, आज स्वयंपाक लवकर उरकला वाटतं.' मामंजी म्हणायचे ते आठवलं, की धाकटीच्या लसणामुळे मरण दारातूनच नाक दाबून परत जाईल. तेव्हा सगळे हसायचे. त्या खोलीत मला आता फार वेळ थांबवत नाही. का ते विचारू नकोस.

रोज गड्डे उलटे-सुलटे करते. एवढं बरोबर आहे ना?

थोरली

७ मे

धाकटे,

धुतल्याने काही गड्डे गेले. मानेपाशी निळसर-हिरवी बुरशी धरली होती, दाबलं तर बोट आत जात होतं. एकोणीस निघाले, ते लांब नेऊन टाकले. बाकीचे मात्र छान वाळतायत. वरचा पापुद्रा कागदासारखा वाजतो, मुळं चुरली तर भुगा होतो. पण मानेत अजून ओल लागते, म्हणून थांबलेय. तू शिकवलेलं ऐकतेय बघ, ह्या वयात.

आज दुकानात एक बाई चष्मा करायला आल्या होत्या. बरं, ते राहू दे.

भावजींची पाठ कशी आहे? तिकडे एकट्यानेच सगळी चाकं उचलतात का? इथे ह्यांनाही एकट्याने जमत नाही. पण दोघा भावांपैकी आधी बोलायचं कुणी, ह्यावर दोघंही अडून बसलेत. मी ह्यांना दोनदा म्हटलं, तुम्ही मोठे आहात. तर म्हणाले, "त्याच्या बायकोने आधी माफी मागावी." मी गप्प बसले. गप्प बसायचा मला आता चांगला सराव झालाय.

थोरली

९ मे

धाकटे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. भावजी घरी असतील तर त्यांनाही वाचू दे.

परवा त्या बाई आल्या म्हणून लिहिलं आणि पुढचं गिळलं. त्या हॉस्पिटलातल्या सिस्टर होत्या. मामंजींच्या गोळ्या ज्या खिडकीवर मिळायच्या, तिथे बसतात त्या. मी त्यांच्या नाकावर चष्मा नीट बसवत होते, म्हणजे आमचे चेहरे वीतभर अंतरावर. त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही त्या आजोबांच्या सूनबाई ना? कसे आहेत ते?"

मी म्हटलं, "बरे आहेत."

असंच म्हटलं मी. मेलेल्या माणसाला बरे आहेत म्हटलं.

"लसूण बंद केलात ना त्यांचा? तुम्हाला दोनदा सांगितलं होतं मी."

"केला," मी म्हटलं. मग चष्म्याची दांडी वाकवायला आत गेले आणि ती मोडली. नवी घालून दिली.

आता समजलं असेल तुला. तरी सगळं लिहिते, नाहीतर मी परत काहीतरी हातचं राखीन.

मी मामंजींना तपासणीला नेलं होतं, तो दिवस आठव. ते बाहेर बाकावर डुलक्या काढत होते. मी गोळ्यांच्या खिडकीवर. सिस्टरनी विचारलं, खाण्यात काही वेगळं? मी म्हटलं, आमची धाकटी जाऊ रोज कच्चा लसूण देते, चार-चार पाकळ्या. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाल्या, ह्या गोळीवर रोज कच्चा लसूण नको, रक्त जास्तच पातळ होईल, कुठे लागलं तर थांबणार नाही, घरात सगळ्यांना सांगा. मी निघाले तर मागून हाक मारून परत सांगितलं.

सांगायचं ठरवूनच मी घरी आले, खरंच. सकाळपासून तीन रांगांत उभी होते, पाय सुजून चपलेबाहेर आले होते. आत आलो आणि तू पुढे होऊन मामंजींना हात दिलास, खुर्ची दिलीस, कोमट पाणी दिलंस. ते पाणी पिऊन म्हणाले, "हॉस्पिटलचं जाऊ दे. मला उभं केलं ते धाकटीच्या लसणाने. हाताला गुण असावा लागतो." तुम्ही सगळे हसलात. हेसुद्धा. मी दारातच वाकून चपलेचा पट्टा सोडवत होते, तशीच राहिले. मला कुणी पाणी विचारलं नाही.

मनात आलं, आत्ता बोलले तर म्हणतील, थोरलीच्या पोटात दुखतंय. आणि दुखतच होतं. वीस वर्षं मी त्या घरात राबतेय आणि गुण तुझ्या हाताला. मग ठरवलं, नऊ दिवसांनी परत तपासणी आहे, तेव्हा डॉक्टरच हिला सगळ्यांदेखत झापतील. हिची कशी जिरते ते बघू. नऊ दिवसांत काय होतंय?

रोज सकाळी तू ओट्याशी उभी राहून पाकळ्या सोलायचीस. मी शेजारी चहा गाळत असायचे. एक, दोन, तीन, चार. मी बघत होते, धाकटे. पाच सकाळी बघत होते. सहाव्या दिवशी ते न्हाणीघरात पडले.

डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेत होते का? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "धाकटी लसूण देते." एवढंच. तू म्हणालीस, मला कुणी सांगितलं नाही. हे ओरडले, सांगायला कशाला पाहिजे, अक्कल नको? आणि मी मूग गिळून उभी राहिले.

डॉक्टर असंही म्हणाले होते की लसणानेच झालं असं मी म्हणणार नाही, पडले आणि डोक्याला लागलं हेच मोठं, भर पडली असेल इतकंच. त्या एका वाक्याला धरून मी एवढे दिवस काढले. ते तुझ्यासाठीही खरं होतं, पण तुला मी ते कधी ऐकवलं नाही. तू तेव्हा बाहेर होतीस.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. आधी तुला लिहायचं होतं.

थोरली

२ जून

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मी मागतही नाही.

लसूण वाळला. पात कात्रीने कापली, मुळं छाटली, मोठे गड्डे वेगळे काढून जाळीच्या पिशवीत भरले. त्याआधी पातीची वेणी घालायचा प्रयत्न केला होता, तीन वेळा सुटली, सोडून दिलं. थंड कोरड्या जागेत, खाटेखाली ठेवलेत. हे सगळं मी आधी लिहितेय, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

परवा रविवारी ह्यांना सांगितलं. घरातच एक चाक घेऊन बसले होते, तारा कसत. फिरवायचे, कुठे डगमगतंय ते बघायचे, एक तार आवळायचे. मी समोर पाटावर बसून सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. ते चाक फिरवत राहिले. मला वाटलं ऐकतच नाहीत. मग चाक थांबलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी तिला अक्कल काढून बोललो. सगळ्या वॉर्डादेखत. भावाला घराबाहेर काढलं."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्ही तिच्यावर ओरडत होतात. मला सोपं झालं."

त्यांनी चाक भिंतीला टेकवलं. हात उगारतील असं वाटलं, तसं काही नाही. उठून मामंजींच्या खोलीत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला. त्या माणसाला मी बापाच्या वेळीही रडताना ऐकलं नव्हतं. मी ओट्याशी उभी. आत जायचा मला काय अधिकार?

आज सकाळच्या बसने ते तुमच्याकडे निघालेत. हे पत्र पोचायच्या आधी ते पोचले असतील. मी लसणाची पिशवी बांधून दारात ठेवली होती. म्हणाले, "तू बांधलेलं काही मी नेणार नाही." आणि ती तिथेच ठेवून गेले.

त्यांना आत घे. ते तुझे अपराधी आहेत, पण फसवलेले आहेत. मी फसवलेली नाही.

थोरली

१२ जून

जाऊबाई,

'ताई' लिहायला हात धजला नाही.

दादा आले. मी कचरा टाकायला दार उघडलं तर पायरीवर बसलेले. कधीपासून बसले होते कोण जाणे, बेल वाजवलीच नव्हती. मला बघून उठले आणि हात जोडायला लागले. माझ्याने बघवेना, मी त्यांचे हात धरून खाली केले. ते चार दिवस राहिले. दोघं भाऊ पहिल्या दिवशी फक्त चाकांबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. आता दोघं मिळून इथलं दुकान बघतात की तिथलं, ते त्यांचं ते ठरवतील. त्यात मी नाही.

तुमचं पत्र मी नऊ-दहा वेळा वाचलं. आधी राग आला नाही. आधी काय झालं सांगू? मी खाली बसले आणि मला मोकळा श्वास घेता आला. नोव्हेंबरपासून मी ह्यांना साधी डोकेदुखीची गोळी दिली नाही. द्यायची म्हटली की चारदा पाकीट वाचते, मग म्हणते तुमची तुम्ही घ्या. स्वयंपाक केला की आधी मी खाते आणि तासभर थांबते. हे गार झालेलंच जेवतात. माझ्या हाताने माणूस मेलं, हे धरून मी जगत होते. तुम्हाला ते माहीत होतं का? नसेल. पण तुम्ही विचारलंही नाहीत. लसूण पिवळा पडलाय म्हणून लिहिलंत.

तुमच्या पोटात दुखलं, हे मी समजू शकते. मामंजींना कौतुक जपून करता येत नव्हतं, आणि त्या दिवशी तुम्हाला पाणी द्यायला हवं होतं, ते चुकलंच माझं. ते पाच-सहा दिवस गप्प बसलात, तेही कधीतरी समजून घेईन. माणूस रागात असं करतं.

पण तुम्ही सगळं लिहिलंत म्हणता, ते सगळं नाही. एक गोष्ट गाळलीत.

ते गेले त्या सकाळी आपण दोघी वॉर्डाबाहेर बाकावर होतो. दादा आणि हे आत होते. मी तुमच्या गळ्यात पडून विचारलं होतं, ताई, मी मारलं का हो त्यांना? तुम्ही माझं डोकं खांद्यावर घेतलंत. पाठीवरून हात फिरवलात. म्हणालात, "असू दे, रडू नकोस. तुला काय माहीत होतं?"

किती वेळ फिरवत होतात हात. मला तेव्हा त्या सगळ्या जगात तुम्ही एकट्याच माझ्या वाटलात. घर सोडून आल्यावरही मी ह्यांना सांगायचे, बाकी कुणी काही म्हणो, ताईंनी मला जवळ घेतलं होतं. कार्ड पाठवलं ते त्यासाठीच. फोन उचलायची हिंमत नव्हती, पण तुम्ही जपलेला लसूण वाया जाऊ नये असं वाटलं.

त्या हाताचं काय करू, ते मला कळत नाही.

लसूण वापरा, वाटा, काहीही करा. मोठे गड्डे मात्र ठेवा, ते बियाणं आहे. लावायच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटी, मी न्यायला येईन. महिन्यातून एकदा बघत जा, मऊ पडलेला दिसला की काढून टाका, नाहीतर शेजारचेही जातील.

येईन त्या दिवशी दार दादांना उघडू दे. तुम्ही कामावर असा, किंवा कुठेही असा. मी तुम्हाला काही बोलीन म्हणून नाही. समोर दिसलात तर मी परत तुमच्याच खांद्यावर रडेन, ह्याची मला भीती वाटते.

धाकटी